चेकसम जुळले, तरी वीज तोडून पाहिली

डिफ्रॅग म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे उचलून सलग जागेत नेऊन ठेवणं. यात गडबड झाली तर नुसता प्रोग्रॅम बंद पडत नाही, लोकांचा डेटा जातो. त्यामुळे असलं काही टेस्टिंगला आलं की मी घाई करत नाही, कोणी कितीही मागे लागलं तरी.

त्या दिवशी आलेलं प्रकरण दिसायला साधं होतं. एका ग्राहकाच्या लॉग सर्व्हरवर (इतर प्रोग्रॅमच्या नोंदी साठवणारा संगणक) जुन्या फाइल्स वाचायला फार वेळ लागत होता. डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीच्या, म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा करायला वेळ लागणारच. त्यांच्याकडच्या कुणीतरी शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची यादी) लिहिली होती: प्रत्येक फाइलची शेजारी कॉपी करायची, म्हणजे ती सलग जागेत बसेल, आणि ती जुन्या नावावर रिनेम करायची. "मॅडम, आज रात्रीच चालवतो, तुम्ही फक्त ओके द्या," असा फोन आला. मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

खऱ्या डिस्कला हात लावायचा प्रश्नच नव्हता. २० जीबीच्या दोन रिकाम्या इमेज फाइल्स (डिस्कचं सोंग घेणाऱ्या फाइल्स) केल्या, एकीवर ईएक्सटी४, दुसरीवर एक्सएफएस या फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइल्स कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळणाऱ्या यंत्रणा) बसवल्या, आणि दोन्ही व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला, जोडल्या. आता त्यावरच्या फाइल्स मुद्दाम विखुरायच्या. हे वाटतं तेवढं सोपं नाही. या दोन्ही फाइलसिस्टिम जागा ठरवणं शक्य तितकं लांबवतात आणि मग सलग जागा शोधतात. म्हणून आधी डिस्क बारीक फाइल्सनी भरली, एक सोडून एक उडवली, आणि मोकळ्या झालेल्या भोकांत मोठ्या फाइल्स थोड्या थोड्या करून, दर वेळी एफसिंक (मेमरीतलं लगेच डिस्कवर लिहायची आज्ञा) देत लिहिल्या. तुकडे मोजणारं फाइलफ्रॅग हजारांनी एक्स्टेंट, म्हणजे फाइलचे डिस्कवरचे तुकडे, दाखवायला लागलं, तेव्हा पुढे सरकलो.

स्क्रिप्ट चालली. टीममधल्या नव्या मुलाने लगेच फाइल्सचे चेकसम (मजकुरावरून काढलेले, तुलनेसाठीचे आकडे) काढले, सगळे आधीच्यांशी जुळले. पण ते वाचन मेमरीतल्या कॅशमधून झालेलं, डिस्कवर काय गेलं ते त्यातून कळत नाही. डिस्क अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून), पुन्हा माउंट करून परत काढायला लावले. तरी जुळले.

मग एक छोटा लूप लावला, दर सेकंदाला एका फाइलमध्ये वेळ लिहिणारा, आणि तो चालू असतानाच स्क्रिप्ट सोडली. फाइलमधली शेवटची ओळ तिथेच थांबली. लूप मात्र निवांत लिहीतच होता, त्या जुन्या इनोडमध्ये (नाव सोडून फाइलची डिस्कवरची खरी ओळख), ज्याला आता नावच उरलं नव्हतं. उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या एलएसओएफमध्ये त्या फाइलपुढे 'डिलीटेड' दिसत होतं. लॉग सर्व्हरवर हे रात्रभर झालं असतं, तर प्रोसेस बंद होताच त्या सगळ्या ओळी गेल्या असत्या. हार्ड लिंकही (एकाच फाइलला दिलेली जास्तीची नावं) तुटल्या, एकाच फाइलच्या दोन वेगळ्या फाइल्स होऊन बसल्या.

एवढ्यावरच नकार देता आला असता. पण वीज जाण्याची चाचणी केल्याशिवाय मला चैन पडेना. स्क्रिप्ट संपल्याचा संदेश आला, की लगेच व्हर्च्युअल मशीनची प्रोसेस किल करायची. ईएक्सटी४वर सगळं शाबूत. "पास झालं की!" मुलगा म्हणाला. ती कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, कृपा होती. रिनेमने जुनी फाइल बदलली जात असेल, तर ईएक्सटी४ नवा डेटा आपणहून डिस्ककडे ढकलतं. तशी सोय त्यात २००९ पासून आहे. एक्सएफएस ते करत नाही, आणि स्क्रिप्टमध्ये एफसिंक कुठेच नव्हतं.

एक्सएफएसची इमेज परत माउंट केली. नावं सगळी जागच्या जागी, पण कित्येक फाइल्सचा आकार शून्य. शेजारी दुसरा प्रोग्रॅम एफसिंक करत होता, त्याच्या ओघात रिनेमची नोंद जर्नलमधून (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) डिस्कवर पोचली आणि डेटा मेमरीतच राहिला. जुनी प्रत तर रिनेमनेच गेलेली. त्याहून काळजीचं म्हणजे एक्सएफएस-रिपेअर या तपासणी-दुरुस्तीच्या साधनाला त्यात काहीच खोट दिसली नाही. त्याच्या लेखी फाइलसिस्टिम सुसंगत होती, आणि ते खरंही होतं. पण फाइलमध्ये काय होतं, हे त्याला कसं कळणार?

रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं: ही स्क्रिप्ट चालवू नका. ग्राहकाचा सर्व्हर एक्सएफएसचा होता, म्हणून पर्याय एक्सएफएसच्याच डिफ्रॅग साधनाचा, एक्सएफएस-एफएसआरचा दिला. ते तात्पुरत्या फाइलशी एक्स्टेंटची अदलाबदल कर्नलकडून करून घेतं, इनोड तोच राहतो, आणि मध्येच फाइल बदलली तर ती सोडून देतं. त्यालाही याच सगळ्या चाचण्यांतून नेलं. एकही फाइल शून्यावर आली नाही.

संध्याकाळी फोन केला, तेव्हा त्यांना आधी डिस्क किती भरली आहे ते विचारलं. काठोकाठ भरली होती. जागा मोकळी केल्याशिवाय डिफ्रॅग करूनही तुकडे पुन्हा पडणारच, म्हणून त्या रात्री त्यांनी फक्त जुने लॉग दुसरीकडे हलवले.