आधी हवा येते

आमच्या नळाला पाण्याच्या आधी हवा येते. पहिल्यांदा बारीक फुस्कारा, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी खरखर, दोन-तीन गढूळ चुळा आणि मग पाणी. सोलापुरात नळ रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतो, कधी पाचव्या दिवशी, आणि वेळेचं तर विचारूच नका. उजनी शंभरावर किलोमीटर लांब. तिथनं निघालेलं पाणी आमच्या गल्लीत पहाटे तीनला पोचेल की भर दुपारी, हे चावीवाल्यालाही सांगता येईल असं वाटत नाही. म्हणून आई रात्री नळ उघडा ठेवते आणि खाली परात पालथी घालते. पाणी पडलं की परात वाजावी, जाग यावी. पण परात वाजायची वेळच येत नाही. फुस्काऱ्यालाच आई उठून बसलेली असते. पाठोपाठ शेजारच्या अक्कांची हाक येते, "ओ वैनी, पाणी येऊलालंय!" आणि पाच मिनिटांत गल्लीतले सगळे हंडे, घागरी, बॅरल जागे होतात.

हीच आई बाबांच्या घोरण्यानं हलत नाही. आमचं घर पूर्व भागात. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड, रात्रभर खटाक-खटाक चालू. पाहुणे पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून कुरकुरतात. आम्हाला तो आवाज येतच नाही. येतो कधी, तर लाईट जाऊन माग थांबले की! तेव्हा घरातली सगळी माणसं दचकून जागी होतात आणि 'काय झालं?' म्हणून एकमेकांकडे बघतात. याला सरावणं म्हणतात, आणि ते समुद्री गोगलगायीलाही जमतं. तिच्या नळीला हलकंसं बोट लावलं की ती कल्ले आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा लावत राहिलं की 'जाऊ दे' म्हणत ओढेनाशी होते. एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञानं या गोगलगायीच्या मागं वर्षानुवर्षं घालवली आणि २००० साली नोबेलही मिळवलं.

आईचा फुस्कारा मात्र यापेक्षा वेगळा. फुस्काऱ्यात स्वतःचं असं काहीच नाही. त्यानं ना तहान भागते, ना धुणं होतं. पण त्याच्या मागनं पाणी येतं, आणि तेवढं पुरतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या कुत्र्यांचं हेच झालं होतं. पावलोवला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्या कामात त्याच्या लक्षात आलं की कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायला अन्न समोर यावंच लागत नाही, खायला घालणाऱ्या माणसाची पावलं वाजली तरी पुरे. मग त्यानं टकटक ठेका देणाऱ्या मेट्रोनोमसारखी साधनं घेऊन हे नीट तपासलं. आवाजानंतर अन्न देणं बंद केलं की हळूहळू लाळही बंद व्हायची. पण मधे थोडी विश्रांती देऊन पुन्हा तोच आवाज केला की थोडी लाळ परत यायचीच. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, नुसतं दबून बसलेलं असतं.

आजोबा मिलमध्ये साळखात्यात होते. मिल बंद पडली, भोंगा बंद झाला, आजोबा अंगणात बाजेवर बसून पेपर वाचायला लागले. अशी बरीच वर्षं गेल्यावर एका सकाळी कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाऱ्यावरनं ऐकू आला आणि आजोबांचा हात सरळ खुंटीवरच्या टोपीकडे गेला. टोपी हातात घेऊन ते क्षणभर उभे राहिले, मग तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि परत अडकवली. मी बघितलं हे त्यांना कळलं होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सगळंच शिकणं असं सावकाश होतं असंही नाही. मी दहा वर्षांचा असताना गड्ड्याच्या जत्रेत गुलाबाचं सरबत प्यालो. रात्री सणकून ताप आणि ओकाऱ्या. ताप आधीपासून अंगात होता, तसं डॉक्टरांनी सांगितलंही. पण आजही गुलाबाच्या सरबताचा वास आला की माझ्या पोटात ढवळतं. त्या संध्याकाळी होम मैदानावर मी पाळण्यात बसलो होतो, मौत का कुआँचा कानठळ्या बसवणारा आवाज ऐकला होता, दिव्यांनी डोळे दिपले होते. त्यांपैकी एकावरही आळ गेला नाही. बिचारं सरबत तेवढं अडकलं! जॉन गार्सिया आणि कोएलिंग या शास्त्रज्ञांनी १९६६ साली उंदरांवर जवळपास हेच दाखवलं. उंदीर पाणी चाटायचे तेव्हा त्याला गोड चवही असायची, शिवाय दिवा लागायचा, आवाज व्हायचा. नंतर आजारी पडलेल्या उंदरांनी गोड पाणी टाळलं. दिव्या-आवाजाचं पाणी मात्र बिनधास्त प्याले. पोट बिघडलं की दोष तोंडातनं गेलेल्यावर जातो, डोळ्या-कानांची चौकशी होत नाही.

पण मला राहून राहून नवल वाटतं ते आमच्या फाटकावरच्या दोन गिऱ्हाइकांचं. एक गाय होती. आजी तिला रोज सकाळी नऊच्या सुमाराला भाकरी द्यायची, एकही दिवस न चुकता. गाय आली की शिंगानं फाटकाची कडी वाजवायची. दुसरा एक तांबडा कुत्रा. बाबा चहा पिताना त्याला कधी बिस्कीट टाकायचे, कधी नाही. सगळं त्यांच्या आणि पेपरातल्या बातम्यांच्या मूडवर. मग आजी घसरून पडली आणि दोन महिने आत्याकडे राहिली. त्याच सुमाराला बाबांना शुगर निघाली, बिस्किटं बंद झाली. गाय चार-पाच दिवस आली, कडी वाजवली, वाट बघितली आणि यायची थांबली. कुत्रा मात्र दोन महिने रोज चहाच्या वेळेला हजर! बाबांच्या कपाकडे बघत बसायचा. बाबा म्हणायचे, "नाही बे काही, जा." तो जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

एका गायीवरनं आणि एका कुत्र्यावरनं शास्त्र होत नाही, हे कबूल. गायीला पुढच्या गल्लीत चांगली भाकरी मिळाली असेल. पण जिला रोज मिळत होतं तिला बंद झाल्याचं लगेच कळलं; ज्याला कधीमधी मिळायचं त्याला कसं कळावं? उपाशी दिवस त्याच्या हिशेबात आधीपासनंच होते.

हे शोधून काढणाऱ्या स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची गोष्ट तर थेट आमच्या गल्लीतली वाटते. त्याच्या पेटीतला उंदीर दांडी दाबायचा आणि त्याला खाण्याची एक गोळी मिळायची. या गोळ्या स्किनर स्वतः यंत्रावर पाडायचा. एका शनिवारी दुपारी त्यानं हिशेब केला, तर उरलेल्या गोळ्या सोमवार सकाळपर्यंत संपणार होत्या. उरलेली दुपार गोळ्या पाडण्यात घालवायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं मिनिटाला एकच गोळी द्यायचं ठरवलं. म्हणजे रेशनिंगच. उंदीर दांडी दाबायचे थांबले नाहीत. अशा अडखळत मिळणाऱ्या बक्षिसाची सवय लागली की बक्षीस पूर्ण बंद केल्यावरही ती फार चिवटपणे टिकते, हे पुढं पक्कं झालं. मटक्याचा आकडा लावणारा माणूस आयुष्यभर का लावत राहतो, त्याचं उत्तर यात आहे. मी दर दहा मिनिटांनी मोबाईल का उघडून बघतो, त्याचंही.

ताई पुण्याला असते. तिच्या सोसायटीत नळाला चोवीस तास पाणी. मागच्या उन्हाळ्यात आई तिच्याकडे महिनाभर राहून आली. पहिल्याच पहाटे साडेतीनला उठून तिनं दोन बादल्या, एक पातेलं आणि भाच्याची प्लॅस्टिकची टबडी भरून ठेवली, वर ताटं झाकली. ताईनं दिवसभरात ते पाणी कुंड्यांना घातलं. दुसऱ्या पहाटे परत सगळं भरलेलं. तिसऱ्या आठवड्यातही तेच. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "आई, इथं रोज येतं गं पाणी!"

आई नळाखाली बादली सरकवत म्हणाली, "आज आलं की."