दर मी सांगायचा होता

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 11 वर्षं मी टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कामगार, म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर उभा होतो. शेवटचा पगार 24,000. मग मुद्रा योजनेतून, काहीही तारण न ठेवता, 8 लाखांचं कर्ज काढलं आणि भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं सीएनसी लेथ, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, बसवलं.

पहिलं मोठं काम एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूचे भाग ओतणाऱ्या कारखान्याचं. कास्टिंग (ओतलेला भाग) त्यांचं, आपण मशीनिंग करून द्यायचं. नग हातात घेतल्याबरोबर हिशेब बसला, फेसिंग (तोंड सपाट करणं) आणि बोअर (आतलं भोक) धरून तासाला 8 नग निघतील. पण दर विचारल्यावर जीभ जड झाली. "35" म्हणालो आणि लगेच पुढं, "साहेब, कमी-जास्त करूया की."

मालक साठीचे. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि एक जुनं चलन उलटं करून माझ्यापुढं ठेवलं. "महिन्याचा खर्च लिही बघू."

हप्ता 18,000, भाडं 7,000, हेल्पर 12,000, लाईट बिल 8,000, इन्सर्ट (धातू कापायची पाती) आणि कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रावण) 5,000. बेरीज 50,000. महिन्याचे 200 तास, 1,600 नग, म्हणजे हातात 56,000.

"सहा हजार उरतात," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं होतं.

"मशीनवर उभा कोण राहणार?"

"मीच."

"मग तुझा पगार कुठाय ह्यात?"

पेन तसंच हातात राहिलं. ते म्हणाले, "चार नग रिजेक्ट झाले, एखादा इन्सर्ट तुटला की तुझा हप्ता चुकला. सहा महिन्यांत शेडला कुलूप लावशील, आणि माझं काम अडकेल. पोटाला पुरेल असा दर सांग, मग मी घासाघीस करतो."

आमचं गाव येळ्ळूर, शेती भाताची. बाबा पोती घेऊन जायचे, दर व्यापारी सांगायचा, बाबा मान डोलवायचे. माझा पगारसुद्धा मालकानंच सांगितलेला. पैसा मागणं म्हणजे हावरेपणा, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण अंगात मुरलेलं होतं. त्या टेबलावर ते मला पहिल्यांदा दिसलं.

पगाराचे 24,000 धरले तर नगाला 46 रुपये नुसता खर्चच. मी 52 सांगितले. आवाज कापत होता. त्यांनी 49 वर आणलं आणि ऑर्डर दिली.

रात्री तो कागद बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी एकेक आकडा वाचला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रोप लावणीला तुझी आई आणि मी, दोघंबी चिखलात असतो. त्याचं काय धरायचं रे?"

कागदाच्या उरलेल्या जागेत आम्ही लिहायला बसलो. नांगरट, चिखलणी, लावण, भांगलण, कापणी, मळणी. आई भाकरी थापता थापता मधेच एकेक दिवस वाढवून सांगत होती.