तुम्ही विचारलंत म्हणून: गळ्यात बेस कशाला?

‘आवाज इतका छान आहे तुझा, मग गळ्यात ते धूड कशाला? नुसती गा ना.’ ते धूड म्हणजे माझा बेस, खालचे जाड स्वर वाजवणारी गिटार. सोळा वर्षं हे ऐकतेय. साउंडवाला विचारतो, सख्खी आत्या विचारते, आणि मागच्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर एका बाईंनी माझा हात हातात घेऊन अगदी मायेनं विचारलं. मी ‘सवय झालीये’ म्हणाले. ते उत्तर खोटं होतं आणि घरी येईपर्यंत मला ते टोचत राहिलं.

खरं उत्तर स्टिंगपासून सुरू होतं, म्हणजे ‘पोलिस’ या इंग्लिश रॉक बँडच्या गायकापासून. ‘पोलिस’ मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेले, तेव्हा माझा मामा तिथे होता. त्यांची कॅसेट त्याच्याकडून माझ्याकडे आली. बाकीच्यांना त्या कॅसेटमधला आवाज आवडायचा. मला त्या आवाजाखाली काहीतरी चाललेलं असायचं ते आवडायचं. तो गाणारा आणि खालचं वाजवणारा एकच माणूस आहे हे कळलं त्या दिवशी मी ठरवलं. तीन माणसांचा बँड, कोपलंडचे ड्रम, समर्सची गिटार, आणि वरचं टोक नि खालचं टोक दोन्ही एकाच्या हातात.

माझी आई शास्त्रीय शिकलेली. तिला हे पटवताना मी नेहमी तंबोऱ्याचा दाखला द्यायचे: तूही हातात तंबोरा धरूनच गातेस ना? पण तो दाखला अर्धाच खरा आहे. तंबोरा जागचा हलत नाही. बेस हलतो. तुम्ही गळ्यात एकच पंचम धरून ठेवा. खाली षड्ज असेल तर तो पंचम घरच्या ओसरीवर बसल्यासारखा वाटतो. खाली कोमल गंधार सरकवा, गळा काडीनंही न हलवता तोच पंचम परक्या गावात उभा राहतो. स्टिंग एकदा म्हणाला होता की मी खाली ‘सी’ हा स्वर वाजवेपर्यंत तो ‘सी’चा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, होतच नाही. अहो, हे सगळं एकाच अंगात असताना ते दुसऱ्याकडे का सोपवायचं?

‘दोन्ही एकदम जमतं कसं’ हेही विचारता. हाताला आधी इतकं वाजवू द्यायचं की त्याला डोकं लागत नाही. मग त्यावर शब्द नुसते बोलायचे. मग गायचे. बेस एका मात्रेला पडतो आणि शब्द तिच्या मागून येतो, तिथे पहिले दोन महिने रडू येतं. म्हणूनच स्टिंगच्या बेसमध्ये स्वर कमी आणि जागा जास्त. ‘वॉकिंग ऑन द मून’ ऐका: मोजके स्वर, मग मोकळं अंगण, आणि त्या अंगणात गिटारचा एक कॉर्ड घुमत राहतो. ती मोकळी जागा गळ्यासाठी राखलेली आहे. आणि पुढे १९९३ मध्ये हाच माणूस ‘सेव्हन डेज’ पाच मात्रांत वाजवत गातो. मला ते गाणं बसवायला एक अख्खा पावसाळा लागला.

आता ती गोष्ट सांगते. आजवर कुणाला सांगितलेली नाही.

२०१३. पुण्यात एका कंपनीचा वार्षिक समारंभ. पैसे बरे होते. आयोजक म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही माइक घेऊन स्टेजवर फिरा, लोकांना तेच हवं असतं. बेसला आमचा मुलगा देतो.’ मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, त्याला आधारही शोधला. १९८५ मध्ये पहिल्या स्वतंत्र अल्बमच्या वेळी स्टिंगनं स्वतः गिटार घेतली आणि बेस डॅरिल जोन्सकडे दिला. त्यानंतरच्या दौऱ्यात तर बेसवर ट्रेसी वर्मवर्थ होती, एक बाई. तो देऊ शकतो, तर मी कोण?

स्टेजवर गेले आणि हातांचं काय करायचं ते कळेना. डावा हात आपसूक छातीशी आला, जिथे बेसची मान असते. तिथे काही नव्हतं. मुलगा चांगला वाजवत होता, माझ्याहून चपळ बोटं. पण ‘वॉकिंग ऑन द मून’च्या प्रत्येक मोकळ्या जागेत त्यानं काहीतरी छान भरलं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला मी एक आवर्तन आधी उचललं. ड्रमरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बँड एकीकडे, मी दुसरीकडे, आणि पुढच्या आठ मात्रा माझा आवाज स्पीकरमधून येत होता पण तो कशावरच उभा नव्हता. तिसऱ्या रांगेत आई होती. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, नेहमीसारख्याच. रिक्षात आई एवढंच म्हणाली, ‘तुझा सा सुटला होता गं.’ मग घर येईपर्यंत ती बाहेर बघत बसली.

कित्येक वर्षं मी हे त्या मुलानं जागा भरल्यामुळे झालं असंच धरून चालले. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्डिंग सापडलं. तो ठीक वाजवत होता. लयीतच होता. मी आधी गेले, कारण माझ्या मनात जमीन माझ्या पायाबरोबर हलायला हवी होती, आणि ती त्याच्या पायाबरोबर हलत होती.

आमचा ड्रमर त्याच वर्षी बँड सोडून गेला. जाताना म्हणाला, ‘तुला बेस वाजवायचा नसतो. तुला आम्हाला हलवायचं असतं.’ मी तेव्हा खूप भांडले. आजही भांडेन. कुणीतरी खाली उभं राहायलाच हवं, आणि गाणं कुठे वळणार हे गाणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मग मला कॅरिबियनमधलं माँटसेराट बेट आठवतं. ‘पोलिस’चा १९८३ चा अल्बम ‘सिंक्रोनिसिटी’ तिथल्या स्टुडिओत झाला. कोपलंडचे ड्रम जेवणाच्या खोलीत, समर्स स्टुडिओत, स्टिंग कंट्रोल रूममध्ये. तीन माणसं, तीन खोल्या. त्यातलं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ अमेरिकेत गाण्यांच्या यादीत आठ आठवडे पहिलं राहिलं. त्यातली ती गिटार समर्सनं रचलेली, आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं. त्यानंतर ‘पोलिस’चा नवा अल्बम आलाच नाही. विशीत मी म्हणायचे, प्रतिभावंताला बँड पुरत नाही. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही, आणि उलट वाक्यही निघत नाही. कारण १९९१ मध्ये त्यानं दौऱ्यावर बेस परत गळ्यात घातलाच, आणि २०२४ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो पुन्हा तिघांचा बँड घेऊन निघाला. इतकी माणसं परवडत असताना तिघंच. मला ते कळतं. त्याच्या ड्रमरला कसं वाटत असेल, ते मला सांगता येणार नाही.

परवा सरावात मी नव्या मुलीला एक गाणं बेसवर दिलं आणि डोळे मिटून गायले. कडवं वेळेवर उचललं. तिनं एका ठिकाणी मी कधीच घेतला नसता असा स्वर खाली घेतला, आणि माझा आवाज त्यावर मला अनोळखी वाटला. वाईट नव्हता. पुढच्या गाण्याला मी बेस परत मागून घेतला.

पट्टा रुंद करून घेतलाय, चामड्याचा. डावा खांदा हल्ली रात्री दुखतो.