फोर ब्वायार: सिनेमातल्या किल्ल्याला बोटीतून एक फेरा

आधीच सांगून टाकतो, नंतर हिरमोड नको: फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यासमोर भर समुद्रात उभ्या असलेल्या फोर ब्वायार या किल्ल्यावर उतरता येत नाही. जंजिऱ्याला होडी दाराशी लागते. इथे प्रवासी बोट किल्ल्याला वळसा घालते आणि माघारी फिरते. दिग्दर्शक रोबेर एन्रिकोचा १९६७चा ‘ले झाव्हांत्युरिए’ हा सिनेमा पाहून फ्रान्सच्या या कोपऱ्यात येणाऱ्याने हे धरूनच बेत आखावा. काँगोच्या किनाऱ्याजवळ विमानासकट बुडालेला खजिना, तो काढायला निघालेले दोन मित्र (अलाँ देलों, लिनो व्हेंतुरा) आणि लेतिसिया (जोआना शिमकस), आणि शेवट या किल्ल्यात. तो शेवट इथे सांगत नाही.

पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे अडीच-तीन तासांत ला रोशेलला पोचते. सीझनमध्ये तिथल्या जुन्या बंदरातून थेट किल्ल्याच्या बोटी सुटतात आणि बहुतेक जण तीच वाट धरतात. माझं मत मात्र किल्ल्याजवळच्या एक्स बेटाला. फुरा गावाच्या टोकाला, प्वांत द ला फ्युमेवरून, बेटाची बोट बाराही महिने असते. अर्ध्या तासाच्या आत पलीकडे. बेटावर पाहुण्यांच्या गाड्या चालत नाहीत, सायकल भाड्याने मिळते. किल्ला बेटाच्या पश्चिम अंगाला आहे. म्हणून सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि दगडाचे सांधे उठून दिसतात. संध्याकाळी नुसती काळी आकृती. पोस्टरसारखा फोटो हवा तर संध्याकाळ, किल्ला बघायचा तर सकाळ.

भरतीचं गणित कोकणातल्या माणसालाही नवं वाटेल. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरांच्या आसपास जातो. फ्रेंच तक्त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा छापलेला असतो: सत्तरच्या वर उधाणाकडे, खाली भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीकडे. पंचाण्णवच्या पुढचा आकडा दिसला तर ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात लांब चालत जाऊ नये. पाणी समोरून येईल या भरवशावर माणूस राहतो आणि ते मागच्या खळग्यांतून भरत येतं. बोटीचं वेळापत्रकही त्याच तारखेचं बघावं, कालचं चालत नाही.

बोट जवळ गेली की पहिल्यांदा आकार कळतो: लंबगोल, ६८ मीटर लांब, ३१ रुंद, भिंती २० मीटर उंच, आणि खाली जमीन नाहीच. एक्स आणि ओलेरों या दोन बेटांवरच्या तोफांचे गोळे मधल्या पाण्यात एकमेकांना गाठत नव्हते, ती फट बुजवायला वाळूच्या दांड्यावर हा किल्ला. काम नेपोलियनच्या काळात सुरू झालं; दगड स्वतःच्या वजनाने वाळूत रुतायचे, शिवाय काम करायचं ते ओहोटी असेल तेवढाच वेळ. १८०९ला ते थांबलं, १८३७ला पुन्हा धरलं, १८५७ला पुरं झालं. तोवर तोफांचा पल्ला इतका वाढला होता की किल्ल्याचं कामच उरलं नाही! कामगारांच्या वस्तीचं मात्र गाव झालं: ओलेरोंवरचं ब्वायारव्हील. तिथूनही बोटी सुटतात.

सिनेमात दिसतो तो पडीक, पक्ष्यांचा किल्ला. नंतर टीव्हीवरच्या खेळासाठी साफसफाई झाली तेव्हा आत अर्धा मीटर विष्ठेचा थर होता. १९९०पासून तो खेळ चालू आहे आणि त्यासाठी शेजारी पायांवरचा लोखंडी मंच उभा राहिला. सिनेमासारखी चौकट हवी असेल तर घाई करू नये. बोट फिरत असताना मंच भिंतीआड जातो, ते काही सेकंदच आपले. वरच्या डेकवर वाऱ्याने तुषार उडतात, लेन्स पुसायला कोरडं फडकं खिशात हवं.

सिनेमाची शेवटची चौकट आकाशातून घेतली आहे. कॅमेरा किल्ल्याभोवती फिरत दूर जातो आणि भिंतींच्या आतलं लांबट अंगण दिसतं. बोटीतून ते अंगण दिसत नाही.