एक बेस घ्यायला एवढं फिरायचं कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी बेस गिटार वाजवते असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ती चार तारांची ना?" आणि दुसरा जरा माहितगार माणसाचा, की अहो जर्मनीत राहता, थोमान या वाद्यांच्या ऑनलाइन दुकानावर ऑर्डर करा, नाही आवडला तर तीस दिवसांत परत पाठवा, उगाच पेट्रोल जाळत गावोगावची वर्कशॉपं कशाला बघत फिरता? पहिल्याचं उत्तर हो (माझा पाच तारांचा आहे, पण जाऊ दे). दुसऱ्याचं जरा लांब आहे.

खरं कारण माझा हात. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून 34 इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, बहुतेक सगळे धरून चालतात, आणि बोटं लहान असली की पहिल्या फ्रेटपासून (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून) चौथ्यापर्यंत ताणताना जीव जातो. नेक, म्हणजे तो दांडा, गोल आहे की चपटी, पट्टा लावून हात सोडला की हेडस्टॉक (दांड्याचं टोक) जमिनीकडे झुकतो का, चार किलो वजन दोन तासांनी खांद्याला काय म्हणतं, हे फोटोत कुठे दिसतंय? एक मागवा, परत करा, दुसरा मागवा, यात वर्ष जाईल. वर्कशॉपात अर्धवट झालेल्या नेक टांगलेल्याच असतात, हातात घ्या, मूठ वळवून बघा, आणि लॅकर लागायचं असतं त्यामुळे इथे जरा कमी करा असं म्हणता येतं.

एका ठिकाणी (नाव नको, माणूस लाजाळू आहे) फ्रेट लेव्हल करताना बघितलं. त्याने काळा मार्कर घेतला आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर फिरवला, मग लांब सरळ पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर सगळ्यांवरून एकदाच हलका ओढला. जिथलं काळं गेलं तो फ्रेट उंच, जिथलं राहिलं तो खाली. बास, एवढंच. मग परत मार्कर, परत घासणं, तोंडातून शब्द नाही. शेवटी तारा चढवल्या, एक तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि मध्ये सातव्या-आठव्यापाशी किती फट राहते ते बघितलं, व्हिजिटिंग कार्ड कसंबसं जाईल एवढी, आणि ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) जेमतेम पाव फेरा दिला. तोवर खड्खड् करणारी तार गप्प झाली. घरी मी तेच पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) बदलून बरं होईल म्हणून बसले असते.

आता रस्ता. ब्राउनश्वाइगला सँडबर्ग हे बेस बनवणारे, तिथून खाली हार्ट्झच्या डोंगरात क्लाउस्टाल-त्सेलरफेल्डला मार्लो, तेही बेसवालेच, आपली पोरं जिथे टीयूला (टेक्निकल युनिव्हर्सिटीला) मायनिंग शिकायला येतात तेच गाव. मग बराच वेळ ऑटोबान आणि चेक सीमेजवळ मार्कनॉयकिर्शेन. इथे वॉरविक ही बेसची कंपनी आहे, 1995 पासून, पण ती छोटी म्हणता येणार नाही, फॅक्टरीच ती. मी जाते ती गावासाठी. पलीकडच्या बोहेमियातून धर्मासाठी पळून आलेल्या प्रोटेस्टंट व्हायोलिन कारागिरांनी 1677 मध्ये इथे आपला संघ काढला, आणि पुढे माल एवढा बाहेर जायला लागला की या एवढ्याशा गावात अमेरिकेचं कॉन्सुलेट होतं! अमेरिकेत मार्टिन गिटार सुरू करणारा मार्टिन इथलाच, 1833 मध्ये गेला. मी सांगलीची, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणी तुंब्यांची रास बघितलेली, त्यामुळे सगळं गाव एकाच धंद्यात म्हणजे काय ते मला कुणी समजवायची गरज पडली नाही.

आणि तेच परत झालं बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बोहेमियातल्या शोनबाख गावाहून जर्मन बोलणाऱ्या कारागिरांना घालवून दिलं, आणि एरलांगनजवळच्या बुबेनरॉइट नावाच्या खेड्याने 1949 मध्ये त्यांना आपल्याकडे वसवायचं ठरवलं, मूळ गावकऱ्यांच्या कितीतरी पट माणसं. हॉफनर ही वाद्यं बनवणारी कंपनी त्यातलीच. व्हायोलिनच्या आकाराचा तो बेस, जो बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतला, तो व्हायोलिन करणाऱ्यांच्या घरातून आलाय, म्हणून तसा दिसतो. चोरीला गेलेला तो बेस 2024 मध्ये सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा आमच्या बँडच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं.

लाकडाबद्दल मात्र मला फार विचारू नका. वेंगे असं वाजतं नि मेपल तसं वाजतं यावर लोक रात्र रात्र भांडतात, माझं मत असं की नेक नीट सुकलेली, सरळ आणि फ्रेट सारखे असतील तर बाकी ऐंशी टक्के बोटांत आहे. कारागिरांसमोर हे बोलत नाही, उगाच कशाला.

जाणार असाल तर आधी मेल टाका, वेळ घेऊन जा, शुक्रवारी दुपारनंतर नको, आणि घ्यायचा नसेल तर तसं सरळ सांगा, कारण ऑर्डरचा बेस हजारो युरोंत जातो आणि समोरचा माणूस काम थांबवून तुमच्याशी बोलत असतो. स्वतःचा बेस बरोबर न्या. तो हातात घेऊन ते जे दोन-तीन प्रश्न विचारतात, बसून वाजवता की उभ्याने, अंगठा नेकच्या मागे ठेवता की वर काढता, त्याची उत्तरं मला पहिल्यांदा तिथेच द्यावी लागली.