बेहड्यावरच्या खुंट्या

बेहड्याच्या बुंध्यात बांबूच्या ताज्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या आणि माझ्या पोटात गोळाच आला. वर पंचवीसेक मीटरवर महाधनेशाची, म्हणजे त्या थोराड चोचीच्या पक्ष्याची, ढोली. मादी जानेवारीतच आत शिरून ढोलीचं तोंड फटीपुरतं सोडून लिंपून बसलेली. आता मार्च सरत आला होता, म्हणजे आत पिल्लू असणार. आणि खुंट्या थेट तिकडेच निघालेल्या. त्यात फटीतून तिला भरवणारा नर सकाळपासून फिरकलेला नव्हता.

केरळातल्या वाळच्चालच्या जंगलात, चालकुडी नदीच्या खोऱ्यात धनेशांच्या ढोल्यांची नोंद ठेवायची, हे माझं काम. माझं म्हणायचं आपलं. ढोल्या शोधतात आणि राखतात ते कादर. अनामलैच्या सदाहरित जंगलातले हे मूळ रहिवासी. शेतीच्या वाटेला न जाता कंद, मासे, मध, धुपाचा डिंक, शिकेकाई यांवर जगलेले. कोचीन संस्थानानं 1907 मध्ये लाकूड वाहायला परंबिकुलम ते चालकुडी ट्राम सुरू केली, पुढे धरणं आली, तशा त्यांच्या वस्त्या उठत गेल्या. सरकारी कागदांचं तर काय सांगावं! केरळात कादर आपल्याकडच्या कातकरी-कोलामांसारखे आदिम जमातींच्या यादीत आहेत. तेच डोंगर ओलांडून तमिळनाडूत गेलं की त्या यादीत नाहीत. माणसं तीच, नातीगोती तीच.

माझ्यासोबत साठी ओलांडलेले एक कादर होते; मी त्यांना चेट्टन म्हणते, मल्याळममध्ये थोरला भाऊ. ते घाईत काहीच करत नाहीत. आधी झाडाभोवती एक फेरी मारली. पाचोळा सारून मेणाचा एक चिमटीभर तुकडा उचलला, हुंगला, माझ्या हातात दिला. दोन पावलांवर अर्धवट जळालेल्या ओल्यासुक्या काटक्यांची जुडी पडली होती. "आग्यामोहोळ," ते म्हणाले. "रात्री चढलेत."

"पण ढोली वाटेतच आहे ना, चेट्टा?"

"वर बघ, मोळे (पोरी). नीट बघ."

दुर्बीण लावली. खुंट्या हात-हातभर अंतरानं सरळ चढत गेल्या होत्या. ढोलीच्या खाली मात्र त्यांनी वाट सोडली होती. तिरक्या होत होत त्या खोडाला वळसा घालून पाठीमागे गेल्या आणि ढोलीच्या बऱ्याच वर परत पुढे आल्या. तिथून फांदी, फांदीखाली मोहोळाचा कापलेला पांढुरका कड. काळोखात, तोंडाशी धूर, अंगावर आग्या माश्या, आणि हा गडी पाचसहा खुंट्या जास्तीच्या ठोकत खोडाला फिरून गेला होता. सरळ गेला असता तर तेवढी मेहनत वाचली असती.

चेट्टन मनातल्या मनात अंतरं मोजत होते. "बुटका आहे. डावरा असणार." कोण ते त्यांना कळलं होतं, हे मला कळलं. नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तरी नर येईपर्यंत जिवात जीव नव्हता. धुरानं मादी ढोली फोडून निघून गेली असेल तर? आम्ही झुडपाआड बसलो. चेट्टन झाडाखाली पडलेल्या बिया निवडत होते: रानजायफळाच्या, धुपाच्या, उंबरवर्गातल्या फळांचा चोथा. नरानं काय काय भरवलं याचा हिशेब ढोलीखालीच पडलेला असतो. वरच्या थरातल्या बिया ओलसर होत्या. "काल संध्याकाळी येऊन गेलाय," ते पुटपुटले.

याच बेहड्यावर ते स्वतः तरुणपणी चढले होते. मधासाठी नव्हे, पिल्लासाठी. खोडावर एका जागी साल गाठीसारखी फुगलेली होती, तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला. त्यांच्या वडिलांच्या खुंटीची खूण. तेव्हा पिल्लं खायचे, त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. वीसेक वर्षांपूर्वी वनखात्यानं आणि अभ्यासकांनी ढोल्या राखायचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा नवीन काही शिकावं लागलं नाही. कुठल्या झाडात, कुठल्या महिन्यात, नर कुठल्या बाजूनं येतो, सगळं ठाऊकच होतं.

दुपारी पंखांचा आवाज आला. कोळशाचं इंजिन चढावर धापा टाकतं तसा. नर ढोलीला बिलगला, मान झटकून घशातून एकेक फळ वर आणून चोचीच्या टोकावर धरू लागला. फटीतून पिवळी चोच बाहेर आली आणि फळ आत गेलं. मी चक्क चेट्टनचा हात धरला.

खरी पंचाईत पुढे होती. आमच्या फॉर्मात एक रकाना आहे: मानवी हस्तक्षेप, होय किंवा नाही. होय लिहावं, तर कचेरीत बसलेला कुणी उद्या मध काढण्यावरच बोट ठेवणार. खरं तर मध त्यांच्या हक्काचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2014 मध्ये इथल्या नऊ वस्त्यांना सुमारे 400 चौरस किलोमीटर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. याच नदीवर योजलेल्या अतिरप्पिळ्ळीच्या 163 मेगावॉटच्या धरणाला विरोध करताना कादरांनी याच हक्कांचा आधार घेतला. ते धरण झालं असतं, तर काठावरचं सखल जंगल पाण्याखाली गेलं असतं, आणि कवड्या धनेशाच्या ढोल्यांसाठी तेच जंगल लागतं.

"नाही लिहू?" मी विचारलं.

"खोटं कशाला? खुंट्या आहेत तर आहेत म्हण. कुठून वळल्या तेही लिही."

रकान्यात जागा नव्हती, म्हणून पानामागे खोडाचं चित्र काढलं आणि प्रत्येक खुंटीला टिंब दिलं. चेट्टननी दोन टिंबं खोडून त्यांची जागा बदलली. मग सही करताना म्हणाले, की हा कागद वर पाठवतेस तर गेल्या महिन्याची मजुरी अजून आलेली नाही, तेही त्याच पानावर लिही.