चिंगी कोणाला धरून आहे?

“कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला,” असे माझी आई नेहमी म्हणते. गेल्या वर्षी डोंबिवलीतले तळमजल्यावरचे भाड्याचे घर सोडून आम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा हे म्हणणे खरे ठरते की काय, अशी मला धास्ती वाटत होती. नव्या घरात टोपलीचे झाकण उघडताच चिंगी ओट्याखाली सिलिंडरच्या मागे शिरली आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. तिच्यासाठी कालवलेला सुकटीचा भात तसाच वाळला. मध्यरात्री कधीतरी मला पायाशी ओझे जाणवले. कणीक मळावी तसे पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने माझ्या गोधडीवर दाबत ती घुरघुरत होती. मला अगदी भरून आले. सकाळी मी हे सांगितल्यावर आई शांतपणे म्हणाली, “तुझ्याकडे नाही आली, गोधडीकडे आली. जुन्या घराचा वास तेवढाच उरलाय ना.”

या एका वाक्याने माझी झोप उडवली आणि मी या विषयावरचे संशोधन वाचू लागले. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्रिस्टिन व्हिटाले यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजराचे पिल्लू आणि त्याचा मालक यांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे ठेवले, मग दोन मिनिटे पिल्लाला एकटे सोडले आणि त्यानंतर मालकाला पुन्हा आत पाठवले. सुमारे 64 टक्के पिल्लांचे मालकाशी असलेले नाते ‘सुरक्षित’ ठरले, आणि मोठ्या मांजरांतही प्रमाण जवळजवळ तेवढेच निघाले. मला खरी गंमत वाटली ती सुरक्षित नाते ओळखण्याच्या खुणेची. मालक परतल्यावर त्याची दखल घ्यायची आणि मग निवांतपणे पुन्हा खोली न्याहाळायला लागायचे, ही ती खूण. मालकाला चिकटून बसणे किंवा त्याला टाळणे ही असुरक्षिततेची लक्षणे. मी चार दिवसांनी गावाहून परतते, तेव्हा चिंगी शेपटी ताठ उभी करून माझ्या पायाला एकदा अंग घासते आणि लगेच गॅलरीत पारवे बघायला निघून जाते, याचा मी इतकी वर्षे राग धरला होता.

अर्थात, आईच्या बाजूनेही साक्षीदार आहेत. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये 20 मांजरांवर अशाच धर्तीचा प्रयोग केला आणि मांजराला सुरक्षित वाटण्यासाठी मालकाचा आधार लागतो, असे काही त्यांना दिसले नाही. मालक बाहेर गेल्यावर मांजरे अधिक ओरडली खरी, पण त्यावरून आधाराची ओढ सिद्ध होत नाही, असे त्यांचे मत होते. शिवाय ससेक्स विद्यापीठात 2009 मध्ये झालेल्या अभ्यासानुसार, खाणे मागताना काही मांजरांच्या घुरघुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा एक चढा सूर मिसळलेला असतो. पहाटे साडेपाचला माझ्या कानाशी जे चालते, ते हेच असणार. मात्र तान्हे बाळही दुधासाठीच रडते, आणि तेवढ्यावरून त्याला आईविषयी काही वाटत नाही, असे कोणी म्हणत नाही.

मांजराचा मूळ पूर्वज, म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकेकटा राहणारा प्राणी आहे. मात्र त्याची पिल्ले आईजवळ जाताना शेपटी ताठ उभी करतात आणि दूध पिताना तिचे पोट पंजांनी दाबतात. घरातले मांजर मोठेपणीही तेच आपल्यापाशी करते. त्यामुळे गोधडीवरचे ते मळणे केवळ वासापुरते होते, हे मला तरी पटत नाही.

यंदा आई महिनाभर रत्नागिरीला गेली होती. रोज संध्याकाळी चिंगी तिच्या खुर्चीत जाऊन बसत असे. मी फोनवर तसे सांगितले, तर “खुर्चीवर ऊन येत असेल,” असे म्हणून आईने विषय संपवला आणि लगेच विचारले, “खाते ना नीट?” ती परतली तेव्हा तिच्या पिशवीत सुकटीची एक पुडी वेगळी बांधलेली होती. चिंगीने आधी आईच्या पायांना गाल घासला, मग पायांभोवती एक चक्कर मारली आणि त्यानंतर पिशवी हुंगायला घेतली.

“बघ,” आई म्हणाली, “पिशवीसाठीच आली.”